ब्रिसलनोजसाठी केव्ह, वेफर आणि पिल्लांचा डबा: पैसे कशावर घालावेत?

ब्रिसलनोज प्लेको या तळाशी राहून शेवाळ खरवडणाऱ्या शोभेच्या माशाची जोडी घेतली की दुकानदार तीन वस्तू हमखास पुढे करतो: मातीची ब्रीडिंग केव्ह (अंडी घालायची गुहा), अल्गी वेफर (शेवाळाच्या नावाने विकलं जाणारं चकत्यांचं खाद्य) आणि टँकच्या कडेला लटकवायचा पिल्लांचा डबा. निकाल आधीच सांगून टाकतो. केव्हवर पैसे घाला, पण मापं घेऊन. वेफर घ्या, पण त्याला मुख्य जेवण समजू नका. डबा बहुतेकांना लागत नाही.

त्याआधी मासा तरी बरोबर आहे का ते बघा. दुकानात ‘सकर’ म्हणून दीड-दोन इंचांचा काळपट, ठिपक्यांचा जो मासा मिळतो, तो ब्रिसलनोज नव्हे. तो टेरिगोप्लिक्थिस. तो फूटभर आणि त्याहूनही मोठा होतो, नदीकाठच्या मातीत बिळं खणून अंडी घालतो, घरच्या टँकमध्ये कधीच नाही. कितीही महागडी केव्ह ठेवा, ती रिकामीच राहणार. ब्रिसलनोज म्हणजे अँसिस्ट्रस. दहा-बारा सेंटीमीटरवर थांबणारा. लहानपणी दोघं सारखेच दिसतात, म्हणून पाठीवरच्या पराच्या काड्या मोजा. सकरला दहा किंवा जास्त, ब्रिसलनोजला पहिली काटेरी धरून आठच्या आसपास. नराच्या नाकाडावर मऊ, फांद्या फुटलेल्या मिशा कपाळापर्यंत चढतात. मादीला असल्या तर ओठाच्या कडेला चार-दोन आखूड. पाच-सहा सेंटीमीटरच्या आत हे नीट कळत नाही, त्यामुळे ‘जोडी’ म्हणून विकलेल्या छोट्या माशांवर विश्वास ठेवू नका. पाच-सहा पिल्लं घ्या, वाढवा, मग एक नर आणि दोन माद्या ठेवा. त्यांना दोन फुटी टँक पुरतो.

आता केव्ह.

एका टोकाला बंद असलेली नळी, एवढीच ही वस्तू. शंभर-दीडशे रुपयांपासून तीन-चारशेपर्यंत मिळते. नर आत जागा साफ करतो, मादीला आत घेतो, अंड्यांचा नारिंगी घोस मागच्या बाजूला चिकटतो. मग मादी निघून जाते आणि नर तोंडाशी आडवा बसून शेपटीने आणि छातीच्या परांनी अंड्यांवरून पाणी खेळवत राहतो. सगळा खेळ मापाचा आहे. नराने छातीचे पर पसरले की ते दोन्हीकडच्या भिंतींना टेकले पाहिजेत. असं टेकून तो स्वतःला आत घट्ट अडकवून घेतो आणि मादीला अंडी घालेपर्यंत बाहेर पडू देत नाही. केव्ह रुंद असली तर मादी बाजूने सटकते, दुसरा नर घुसतो, आणि पाणी खेळवताना घोस सुटून बाहेर गडगडतो. ‘नर अंडी बाहेर फेकतो’ या तक्रारीमागे कित्येकदा नराचा स्वभाव नसतो, नळीची रुंदी असते.

ऑनलाइन घेताना इथेच फसगत होते. वर्णनात दिलेलं माप सहसा बाहेरचं असतं. मातीची भिंत सहा ते आठ मिलिमीटर जाड, ती दोन्ही बाजूंनी वजा करा. ‘पाच सेंटीमीटर रुंद’ म्हणजे आतून साडेतीन. एवढ्यात सात सेंटीमीटरचा तरणा नर बसेल, दहाचा अडकून पडेल. दहा सेंटीमीटरच्या नराला आतली रुंदी चार ते साडेचार, उंची साडेतीन आणि लांबी तेरा ते पंधरा सेंटीमीटर हवी. आखूड केव्हमध्ये त्याची शेपटी बाहेर राहते आणि इतर मासे ती टोचतात. फार लांब असली तर मागच्या टोकाला पाणी साचून राहतं.

नराचं माप घेण्यासाठी त्याला जाळीत धरू नका. गालांवरचे काटे आणि पर जाळीत अडकतात, सोडवताना जखम होते. काचेला बाहेरून सेंटीमीटरची कागदी पट्टी चिकटवून ठेवा. तो काचेला चिकटून बसला की पोटाकडून पसरलेले पर स्पष्ट दिसतात. पट्टीवर वाचून घ्या. त्यात दोन-तीन मिलिमीटर मिळवले की केव्हची आतली रुंदी मिळाली.

हातात घेतल्यावर काय तपासायचं? पहिलं, टिचकी मारून बघा. माठ घेताना वाजवतो तसंच: खणखणीत आवाज आला तर भाजणी पक्की, बद्द आला तर कच्ची किंवा तडा गेलेली. कच्ची केव्ह दोन-तीन महिन्यांत कडांना मऊ पडते आणि तळाशी लाल गाळ साठतो. घरी आणल्यावर एक दिवस बादलीत बुडवून ठेवा. पाणी गढूळ किंवा लालसर झालं तर दोन शक्यता: माती कच्ची, नाहीतर वर गेरूचा हात मारलेला. गेरू घासून, दोन-तीन पाणी बदलून जातो. कच्ची माती जात नाही, परत करा. बाहेरून ऑइल पेंट किंवा चकचकीत वॉर्निश लावलेल्या, ‘शोभेच्या’ केव्ह घेऊच नका. व्हिनेगरचे दोन थेंब टाकून फेस येतो का तेही बघा. फेस आला तर मातीत चुना आहे आणि पाण्याचा कठीणपणा हळूहळू वाढत जाईल. शेवटी करंगळी आत फिरवा. तोंडाच्या कडेला भाजताना राहिलेली धार असेल तर सँडपेपरने मोडा. आतून मात्र पृष्ठभाग थोडा खरखरीतच हवा, ग्लेझचा गुळगुळीत थर चढवलेला नको.

आकारात गोल नळीपेक्षा खाली सपाट, वर कमानदार असलेली केव्ह चांगली. ती लोळत नाही आणि नराला पोट टेकवायला सपाट जमीन मिळते. काही केव्हना मागच्या बाजूला ‘हवा खेळण्यासाठी’ बोटभर भोक ठेवलेलं असतं. ते नको. पाणी खेळवायला नर समर्थ आहे, भोकातून अंडी मात्र मागे निसटतात. दोन मिलिमीटरचं छिद्र असेल तर हरकत नाही, केव्ह बुडवताना आतली हवा त्यातून निघून जाते.

याला स्वस्त पर्याय आहे, आणि तो चालतो हे मान्य करायला हवं. प्लंबिंगच्या दुकानातला ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, पंधरा सेंटीमीटरचा तुकडा, एका बाजूला एंड कॅप. सोल्युशन लावायची गरज नाही, कॅप दाबून घट्ट बसते. आतून ८० नंबरच्या सँडपेपरने खरवडायचं, कॅपला बारीक छिद्र पाडायचं, झिप टायने एका चपट्या दगडाला बांधायचं, नाहीतर नर ढकलत ढकलत कोपऱ्यात नेतो. शंभर रुपयांच्या आत काम होतं. अंड्यांच्या दृष्टीने फरक नाही. मातीच्या केव्हचा फायदा एवढाच की ती जड आहे, आत काळोख असतो म्हणून नर लवकर पत्करतो, आणि हॉलमधल्या टँकमध्ये पांढरा पाइप बघवत नाही. एकच टँक असेल तर मातीची घ्या. ओळीने टँक लावले असतील तर पाइप. नारळाची करवंटी मात्र सोडून द्या. तिच्यात मासा लपतो, पण तोंड रुंद आणि खोली कमी, त्यामुळे अंडी टिकणं अवघड.

जागाही महत्त्वाची. फिल्टरची धार थेट तोंडात शिरता कामा नये, पण आजूबाजूचं पाणी वाहतं हवं. तोंडाकडची बाजू पातळ खडा लावून अर्धा सेंटीमीटर उचला, घोस सुटला तरी आतच राहतो. तोंड असं वळवा की बाहेरून टॉर्चने आत दिसेल. नाहीतर रोज केव्ह उचलून बघायचा मोह होतो, आणि अंडी सोडून नर पळायला तेवढं पुरतं. दोन नर असतील तर दोन केव्ह, दोन टोकांना, तोंडं समोरासमोर न येतील अशा.

केव्ह ठेवली म्हणजे अंडी आली असं नाही. पाणी २४ ते २७ अंश, पीएच साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान. नर केव्हमध्ये बसायला लागला आणि मादीचं पोट वरून बघताना फुगीर दिसलं की एक तृतीयांश पाणी दोन-तीन अंश थंड पाण्याने बदला, क्लोरीन काढून. पहिल्या पावसाचं पाणी नदीत आल्यासारखं त्यांना वाटतं. दोन-तीन दिवसांत काही झालं नाही तर आठवड्याने पुन्हा. आरओच्या पाण्याची गरज नाही. मुंबईचं तलावांचं पाणी मऊच असतं, आणि बोअरच्या कठीण पाण्यातही बाजारातले, कैक पिढ्या टँकमध्येच वाढलेले ब्रिसलनोज अंडी घालतात. खरी अडचण उन्हाळ्याची. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी सहज ३२ अंशांवर जातं. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, नर दमतो आणि अंडी सोडतो. त्या दोन महिन्यांत केव्ह काढून ठेवलेली बरी, किंवा निदान झाकण उघडून पाण्यावर टेबल फॅन लावा आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारे दगड) वाढवा. थंडीत पुणे-नाशिककडे उलट, हीटरशिवाय पाणी विशीच्या आसपास उतरतं आणि सगळं ठप्प होतं.

अंडी पिवळसर-नारिंगी, साबुदाण्यासारखी टपोरी, एका वेळी तीस ते शंभर. २६ अंशांना पाच दिवसांच्या आसपास फुटतात. पिल्लांच्या पोटाला मोठी नारिंगी पिशवी असते, ती संपायला आणखी पाच-सहा दिवस. तोपर्यंत ती केव्हच्या भिंतीला लटकून असतात आणि त्यांना खायला काहीही द्यायचं नाही. पांढरी पडलेली अंडी म्हणजे फलित न झालेली. चांगला नर ती स्वतः काढून टाकतो. पहिलटकर नर पहिली एक-दोन खेपा वाया घालवतो. त्यात हात घालू नका.

आता वेफर. बाजारात नाव आहे ते हिकारीच्या अल्गी वेफरचं, जपानी कंपनी. थाळीसारखी गोल चकती, मधला भाग स्पिरुलिना या शेवाळाने गडद हिरवा. तळाशी लगेच बसते आणि तासभर तरी विरघळत नाही. प्लेकोसाठी हा खरा गुण, कारण तो खातो रात्री आणि खरवडून. कमी प्रतीचे वेफर दहा मिनिटांत भिजून पीठ होतात, तेच पाणी खराब करतात. एवढी एक परीक्षा कोणत्याही वेफरची घरी करा: ग्लासभर पाण्यात एक टाका आणि अर्ध्या तासाने ढवळा.

पण पाकिटाच्या मागची बारीक अक्षरंही वाचा. नाव शेवाळाचं असलं तरी घटकांच्या यादीत पहिलं नाव फिश मीलचं येतं आणि प्रथिनं किमान ३३ टक्के. म्हणजे हा पालापाचोळा नव्हे, दमदार खुराक आहे. ब्रिसलनोजचं आतडं लांबलचक, गुंडाळी केलेल्या स्प्रिंगसारखं. ते सतत थोडंथोडं वनस्पतीजन्य खाणं जिरवण्यासाठी आहे. रोज वेफर दिला तर पोट फुगतं, विष्ठा पांढरी दोरीसारखी लोंबते, आणि टँकमधलं नायट्रेट (घाणीतून पाण्यात साठणारा क्षार) चढतं. दोन मोठ्या माशांमागे एक वेफर, आठवड्यातून तीन रात्री, दिवा मालवल्यावर. ब्रीडिंगआधीचे दोन आठवडे मादीला याशिवाय आठवड्यातून दोनदा फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव), चिमूटभर. टँकमध्ये टेट्रा किंवा गप्पी असे छोटे मासे असतील तर वेफर त्यांच्याच पोटात जातो; म्हणून त्यांना आधी खाऊ घाला, मग अंधार करा, मग वेफर.

पाकीट लहान घ्या. २०, ४० आणि ८२ ग्रॅममध्ये मिळतं. तीन माशांना ४० ग्रॅम कित्येक महिने पुरतं. २५० ग्रॅमचं स्वस्त पडतं खरं, पण पावसाळ्यात एकदा दमट हवा लागली की तेल खवट होतं आणि बुरशी दिसायच्या आधी वास बदलतो. दुकानात मोठं पाकीट फोडून पारदर्शक पिशव्यांत सुटे भरलेले वेफर मिळतात, त्यांवर ना तारीख ना नाव. दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी ते घेण्यात अर्थ नाही.

उरलेल्या चार रात्री भाजी. झुकिनी शहरात मिळते, पण तिच्यावाचून अडत नाही. काकडी, दुधी, दोडका, लाल भोपळा, फरसबी, गाजर, पालक, सगळं चालतं. काकडीचा गर आणि बिया काढा, त्या तरंगून फिल्टरमध्ये जातात. दुधी-दोडक्याचे बोटभर जाड काप उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, पालक अर्धा मिनिट, गाजर आणि भोपळा सुरी सहज जाईपर्यंत. मीठ नको. साल काढलेली बरी, फवारणीचा अंश तिथेच जास्त. दुधी आणि दोडक्याची चकती आधी स्वतः चाखून बघा, कडू निघाली तर माशालाही देऊ नका. सक्शन कपवाली ‘व्हेज क्लिप’ विकतात, ती आठवड्यात निसटते. स्टीलच्या काट्याला काप टोचून तळाशी सोडा. रात्री टाकलेलं सकाळी काढा. उन्हाळ्यात आठ तासांच्या वर ठेवलं तर पाणी दुधाळ होतं.

टँकमध्ये लाकडाचा एक तुकडा कायम असू द्या. ब्रिसलनोज तो खरवडत राहतो, त्यावरचा थर आणि लाकूड दोन्ही पोटात जातं. वेफरपेक्षा ही खरेदी आधी करावी.

पिल्लांचा डबा. बाहेरून लटकणारा, एअर पंपावर टँकचं पाणी आत खेचणारा प्लास्टिकचा डबा, एक ते दोन लिटरचा. नराने खरोखरच घोस बाहेर टाकला तर तो उपयोगी: अंडी त्यात ठेवा, एअर स्टोनचे बुडबुडे अंड्यांच्या शेजारून जातील पण अंड्यांवर आदळणार नाहीत असं बघा, मिथिलीन ब्लू या बुरशीवरच्या औषधाचे, पाणी फिकट निळं होण्यापुरते थेंब टाका, पांढरी अंडी चिमट्याने रोज काढा. मिथिलीन ब्लू टाकलं की डब्याचं पाणी टँकमध्ये परत जाता कामा नये, फिल्टरमधले पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू मरतात. म्हणजे ज्या सोयीसाठी डबा घेतला तीच बंद करावी लागते. पाणी बाहेर जायच्या फटी दीड मिलिमीटरपेक्षा मोठ्या असतील तर स्पंजचा तुकडा लावा.

अंडी फुटल्यावर मात्र डब्याचं काम संपतं. साठ-सत्तर पिल्लं दीड लिटरमध्ये दिवसभर खातात आणि दिवसभर घाण करतात. अमोनिया वाढतो, आणि सकाळी पाच-सहा मेलेली मिळतात. त्याच पैशांत ३०-४० लिटरचा प्लास्टिकचा टब, स्पंज फिल्टर आणि छोटा एअर पंप येतो. टबमध्ये मुख्य टँकचं पाणी भरा, स्पंज आधी दोन-तीन आठवडे मुख्य टँकमध्येच चालवलेला असू द्या. पिल्लांची पिशवी संपून ती केव्हच्या तोंडाशी यायला लागली की केव्ह उचलून टबमध्ये तिरकी करा. नर आधी निघतो, त्याला परत सोडा.

पिल्लं मरतात ती दोन कारणांनी, आणि ती एकमेकांच्या उलट आहेत: उपासमार किंवा सडलेलं खाणं. काचेला चिकटलेल्या पिल्लाचं पोट खालून बघा. गोल आणि हिरवट-तपकिरी असलं तर ठीक, आत ओढलेलं दिसलं तर ते उपाशी आहे. चोवीस तास तोंडाशी काहीतरी हवं: उकडलेल्या दुधीची किंवा काकडीची चकती दिवसातून दोनदा बदलून, वेफरचा चुरा चिमटीच्या टोकाएवढा, आणि देशी बदामाचं झाडावरून गळलेलं, तपकिरी झालेलं पान, धुऊन, एक दिवस भिजवून. पान मऊ पडलं की त्यावरचा थर पिल्लं खरवडतात आणि दोन आठवड्यांत नुसत्या शिरा उरतात. कोकणात आणि मुंबईत ही पानं रस्त्यावर फुकट पडलेली असतात. ‘प्लेको फ्राय’साठी (म्हणजे पिल्लांसाठी) म्हणून वेगळी पावडर विकतात ती घेऊ नका, चांगला वेफर खलबत्त्यात कुटला की तेच होतं. रोज एक पंचमांश पाणी बदला, त्याच तापमानाचं. तळाची घाण बारीक एअर ट्यूबने ओढा, पिल्लं सोबत खेचली जातात म्हणून ती पांढऱ्या बादलीत काढा. दोन-अडीच महिन्यांत ती इंचभर होतात.

नर एकदा लागला की महिना-दीड महिन्याने पुन्हा अंडी आणतो. इंच-दीड इंचांची पिल्लं घेणारा दुकानदार आधीच बोलून ठेवा. नदी-तलावात सोडणं हा मार्ग नाही, असाच सोडलेला सकर कसा पसरलाय ते दिसतंच आहे. गिऱ्हाईक नसेल तेव्हा केव्ह धुऊन, उन्हात वाळवून कपाटात ठेवा. तरीही नर हीटरच्या मागे किंवा लाकडाखालच्या फटीत ठाण मांडतो. मागची फट स्पंजने बुजवा, लाकूड काचेपासून चार बोटं पुढे ओढा.